पॅरिसच्या मधमाश्या, न्यूयॉर्कची दुपार: चोवीस तासांच्या आठवणीचं एक प्रकरण

जून १९५५ मध्ये म्युनिकचे प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स रेनर यांनी पॅरिसमधल्या एका बंद खोलीत मधमाश्यांना रोज रात्री ८:१५ ते १०:१५ या दोन तासांतच साखरपाणी दिलं. काही दिवस हा नेम चालला. मग एका रात्री शेवटचं खाणं झाल्यावर पेटी बंद करून विमानाने न्यूयॉर्कला नेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या हुबेहूब तशाच खोलीत रिकामी बशी मांडून त्यांनी एवढंच पाहिलं की माश्या बशीवर कधी येतात: न्यूयॉर्कच्या सव्वाआठला की पॅरिसच्या?

त्या पॅरिसच्या सव्वाआठला आल्या. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दुपारचे सुमारे सव्वातीन वाजले होते. आदल्या दिवशी खाणं सुरू झालं त्याला २४ तास होत होते.

मधमाशीच्या शरीरात घड्याळ असल्याचा पुरावा म्हणून हा निकाल गेली सत्तर वर्षं सांगितला जातो. निकाल खरा आहे, पण एकट्या विमानप्रवासातून तेवढं सिद्ध होत नाही. ‘काल याच वेळी’ हे प्राण्याला दोन अगदी वेगळ्या रीतींनी आठवू शकतं. एका रीतीत तो शेवटच्या घासापासून किती वेळ गेला ते मोजतो. लग्नघरात मुहूर्तासाठी पाण्यात सोडलेल्या घटिकापात्रासारखं हे मोजमाप: एका घटनेने सुरू होतं आणि भरलं की संपतं. दुसऱ्या रीतीत शरीरात आपोआप फिरत असलेल्या दिवसाच्या तालातल्या एका जागेवर खूण पडते, आणि ताल पुन्हा त्या जागी आला की प्राणी निघतो. इथे कालावधी मोजला जातच नाही. पॅरिस–न्यूयॉर्क प्रकरणाचं खरं मोल या दोन रीती वेगळ्या कशा काढायच्या हे शिकण्यात आहे.

प्रश्न कुठून आला

जर्मन मधमाशी-अभ्यासक ह्यूगो फॉन बुटेल-रेपेन यांनी १९०० च्या सुमारास नोंदवलं होतं की बकव्हीटच्या (कुट्टूच्या) शेतावर माश्या सकाळीच गर्दी करतात आणि दहाच्या सुमारास, मकरंद आटला की, येणं थांबवतात. शेत दिवसभर फुललेलं असतं, वासही असतो, तरी दुपारी फेरी होत नाही. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ आणि मुंग्यांचे अभ्यासक ऑग्युस्त फोरेल यांच्या घराबाहेरच्या न्याहारीच्या टेबलावर मुरंबा खायला माश्या येत. टेबलावर काही नसलं तरी त्या त्याच वेळी घिरट्या घालत. फोरेल यांनी १९१० मध्ये याला काळाची स्मृती म्हटलं.

अशी स्मृती माशीला का लागते, हे आपल्या परसातही दिसतं. तांबड्या भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. घोसाळ्याचं फूल सकाळचं, तर त्याच्याच जवळच्या नात्यातल्या दोडक्याचं संध्याकाळी उमलणारं. कुळ एक, वेळापत्रकं वेगळी. भोपळ्याकडे दुपारी दोनला गेलेल्या माशीची अख्खी फेरी फुकट जाते.

१९२९ मध्ये म्युनिकला कार्ल फॉन फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने हे निरीक्षण प्रयोगात आणलं. माश्यांवर फ्रिश यांच्या पद्धतीने रंगाचे ठिपके दिले होते: पाच रंग, ठिपका पाठीवर कुठे आहे त्यावरून एकम-दशम, पोटावरच्या ठिपक्यावरून शतक. या पद्धतीत ५९९ पर्यंत माश्या वेगवेगळ्या ओळखता येतात. ठरावीक दोन तासच खाणं द्यायचं, असं काही दिवस करायचं, मग एक दिवस बशी रिकामी ठेवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं आणि कोणती माशी किती वाजता आली ते लिहायचं. भेटींचा ढीग शिकवलेल्या वेळेभोवतीच पडला. बंद खोलीत, सतत दिवा लावून आणि तापमान-आर्द्रता स्थिर ठेवूनही तसंच झालं.

तिच्यानंतर ऑस्कर वाल यांनी १९३२ मध्ये माश्या सुमारे १८० मीटर खोल मिठाच्या खाणीत नेल्या, म्हणजे वातावरणातून येणारे किरण वगैरे शंकाही मिटाव्यात. तिथेही माश्या वेळेवर आल्या. भुकेची शंकाही वाल यांनीच तपासली. पातळ साखरपाणी दिवसभर ठेवलं आणि ठरावीक वेळीच घट्ट दिलं. माश्यांची गर्दी घट्टाच्या वेळेला झाली. पोट रिकामं झालं म्हणून त्या येत असत्या तर असं व्हायला नको होतं. शिवाय कामकरी माशी बशीवरून नेते ते बहुतांशी पोळ्यात दुसऱ्यांच्या तोंडी देते, स्वतःच्या भुकेपुरतं फारच थोडं ठेवते. त्यामुळे भुकेचा मुद्दा मुळातच लंगडा होता.

एवढ्यानंतर विमानाची गरज का पडली? कारण खोली कितीही बंद केली तरी ती पृथ्वीवरच असते आणि पृथ्वी २४ तासांत फिरते. तिच्याबरोबर फिरणारं काहीतरी, चुंबकीय, विद्युत किंवा अजून माहीत नसलेलं, भिंती पार करून येत असेल तर? ही शंका तेव्हा जिवंत होती. अमेरिकेत फ्रँक ब्राउन यांनी १९५४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरचे कालव इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनला, समुद्रापासून फार दूर, अंधारात ठेवले होते. पहिल्यांदा ते आपल्या मूळ किनाऱ्याच्या भरतीच्या वेळेला शिंपले उघडत होते. दोन आठवड्यांत त्यांची वेळ एव्हन्स्टनच्या चंद्राप्रमाणे सरकली, असं ब्राउन यांचं म्हणणं होतं. माणूस सगळं बंद करू शकतो, पृथ्वीचं फिरणं बंद करू शकत नाही. तेव्हा प्राणीच रेखांश ओलांडून न्यायचा, हा रेनर यांचा मार्ग होता.

खोली, पेटी, रेखांश

आराखडा साधा दिसतो, पण प्रत्येक भागाला कारण आहे.

खोल्या दोन्हीकडे सारख्या: माप, भिंती, सतत चालणारा दिव्यांचा प्रकाश, तापमान, बशीची जागा, सगळं तेच. न्यूयॉर्कची खोली अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत होती. नव्या जागी माशी आधी परिसर पाहत फिरते, तिचं वेळापत्रक विस्कटतं. खोली तीच वाटली तर हा अडथळा राहत नाही. बंद खोलीत मधमाश्या काम करतात हे रेनर यांनी आधी जमवून ठेवलं होतं, आणि ते सोपं नाही: खिडकी किंवा उघडा दिवा दिसला की माश्या त्यावर आपटून मरतात. प्रकाश वरून, पसरलेला आणि सारखा लागतो.

प्रवास रात्रीतला होता, म्हणजे दोन खाण्यांच्या मधल्या वेळात. माश्यांचं एकही खाणं चुकलं नाही.

खाण्याची वेळ रात्री ८:१५ निवडण्यातही हिशेब आहे. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या रेखांशांत सुमारे ७६ अंशांचं अंतर आहे. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे सूर्यवेळेत ५ तास ५ मिनिटांचा फरक. त्या जूनमध्ये दोन्ही शहरांच्या घड्याळांतही ५ तासांचाच फरक होता. शिकवलेला अवधी २ तासांचा. फरक अवधीच्या अडीचपट असल्याने दोन भाकितं एकमेकांवर चढत नाहीत. हाच प्रयोग पॅरिस–लंडन केला असता तर सूर्यवेळेतला फरक सुमारे १० मिनिटांचा निघाला असता आणि निकालातून काहीच कळलं नसतं.

पृथ्वीच्या फिरण्याशी बांधलेला बाहेरचा संकेत असेल तर माश्यांनी न्यूयॉर्कच्या रात्री ८:१५ ला यायला हवं, म्हणजे आदल्या दिवशीच्या सुरुवातीपासून २९ तासांनी. वेळ शरीरातच ठेवली जात असेल तर दुपारी ३:१५ ला, २४ तासांनी. त्या आल्या दुपारी.

बाहेरच्या संकेताचा पक्ष इथे हरला. मात्र घटिकापात्राचं भाकीतही ‘२४ तासांनी, दुपारी ३:१५’ असंच आहे. खाणं झालं, मोजमाप सुरू झालं, विमानातही चालू राहिलं, २४ तास भरले, माशी निघाली. शरीरातल्या दोन शक्य रीतींपैकी एकही विमानप्रवासाने बाद होत नाही. या प्रयोगाच्या लोकप्रिय वर्णनांत हा मुद्दा जवळजवळ नेहमी सुटतो. आमच्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

एकोणीस तास आणि अठ्ठेचाळीस तास

उत्तर बेलिंगच्या वहीत सव्वीस वर्षं आधीच होतं. तिने सतत उजेडाच्या खोलीत दर १९ तासांनी खाणं देऊन पाहिलं. सकाळी ६ ला सुरुवात केली तर पुढची खाणी अशी पडतात: रात्री १, मग त्याच तारखेला रात्री ८, दुसऱ्या दिवशी दुपारी ३, त्यानंतरच्या दिवशी सकाळी १०. कालावधी मोजणाऱ्या प्राण्याला यात काही अवघड नाही. २४ मोजता येतात त्याला १९ मोजायला उलट सोपं जायला हवं. माश्या हे शिकल्या नाहीत. दर ४८ तासांनी खाणं दिलं तेव्हा त्या दर २४ तासांनी येत राहिल्या, खाणं नसलेल्या दिवशीही.

हे दोन निकाल एकत्र वाचले की घटिकापात्र बाद होतं. ४८ तासांच्या प्रयोगात मधल्या दिवशी माशी येते आणि तिला काही मिळत नाही. घटिकापात्र खाण्याने सुरू होणारं असेल तर ते पुन्हा सुरू व्हायला कारणच नाही, तरी ती आणखी २४ तासांनी वेळेवर हजर असते. म्हणजे आतली गोष्ट खाण्यावाचून आपोआप पुन्हा पुन्हा त्या जागी येते. खाण्याने फक्त खूण पडते.

हे मधमाशीपुरतं नाही. बोल्स आणि स्टोक्स यांनी १९६५ मध्ये उंदरांना १९, २४ आणि २९ तासांच्या अंतराने खायला देऊन पाहिलं. खाण्याआधीची धावपळ, म्हणजे वेळेची अपेक्षा, २४ तासवाल्यांतच दिसली. आणि हाच उंदीर प्रयोगपेटीत २० किंवा ४० सेकंदांचं अंतर छान शिकतो: दिवा लागल्यावर ४० सेकंदांनी दांडा दाबला तरच खाऊ मिळणार असेल, तर त्याचं दाबणं ४० च्या सुमारास शिखरावर जातं. ४० सेकंद शिकणारा, ४० चं ५० केलं तरी तेही शिकणारा प्राणी १९ तास शिकत नाही, याचा अर्थ सेकंद-मिनिटांचं मोजमाप आणि दिवसाची आठवण ही दोन वेगळी यंत्रं आहेत. एकच यंत्र लहान-मोठं ताणलेलं नव्हे.

चुकांचा आकारही तेच सांगतो. सेकंद-मिनिटांच्या मोजमापात चूक कालावधीच्या प्रमाणात वाढते; जॉन गिबन यांनी १९७७ मध्ये या नियमाला गणिती रूप दिलं. १० सेकंदांना दीड-दोन सेकंदांची फेक असेल तर ४० सेकंदांना सहा-आठ सेकंदांची असते. आता १५ टक्क्यांची फेक धरून २४ तास मोजायला बसा: साडेतीन तासांहून जास्त इकडे-तिकडे. अशी माशी दोन तास उघड्या राहणाऱ्या फुलाला बहुतेक वेळा चुकवेल. प्रत्यक्षात माश्यांचा ढीग यापेक्षा कितीतरी घट्ट पडतो. उंदीर-कबुतरांचा आकडा माशीला जसाच्या तसा लावता येत नाही हे खरं, पण घटिकापात्राने २४ तास मोजून असा अचूकपणा येणं अशक्यप्राय आहे, एवढं यातून नक्की दिसतं.

मधमाशी छोटे कालावधी तरी मोजते का? क्रेग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोकळ्या उडणाऱ्या माश्यांना १५ ते १२० सेकंदांच्या ठरावीक अंतरांनी साखर देऊन पाहिलं. अंतर शिकल्याची चिन्हं त्यांना दिसली नाहीत. भुंगमाश्यांवर (बंबलबी) बॉइझव्हर्ट आणि शेरी यांनी २००६ मध्ये ६ ते ३६ सेकंदांच्या अंतरांचा प्रयोग केला, तिथे मात्र ती दिसली. गुंजन पक्ष्याचं (हमिंगबर्डचं) उदाहरण याहून स्पष्ट आहे. कॅनडाच्या रॉकी पर्वतात त्याच वर्षी आठ कृत्रिम फुलं मांडली. चार दर १० मिनिटांनी भरायची, चार दर २० मिनिटांनी. पक्षी आठही फुलं वेगवेगळी लक्षात ठेवून आपापल्या अंतराने फिरत होते. याला कालावधीची स्मृती म्हणायचं. मधमाशीची चोवीस तासांची आठवण ही त्या जातीची गोष्ट नाही.

उघड्यावर: लाँग आयलंड ते कॅलिफोर्निया

बंद खोलीतला निकाल हाताशी आल्यावर रेनर यांनी सूर्यप्रकाशातला प्रयोग केला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर उघड्या मैदानात माश्यांना एक वेळ शिकवली आणि पेटी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला नेली. रेखांशातला फरक सुमारे ४८ अंश, सूर्यवेळेत सव्वातीन तास. इथे माश्यांना आकाश दिसत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मुख्यतः जुन्या वेळेचं ऐकलं: शेवटच्या खाण्यापासून २४ तास. पण पुढच्या दिवसांत त्यांची वेळ डेव्हिसच्या सूर्याकडे सरकत गेली. ताल आतला आहे, आणि त्याची जुळणी रोजच्या उजेड-अंधाराशी होत राहते. लांब विमानप्रवासानंतर माणसाची झोप जशी दोन-चार दिवसांत जागेवर येते, तीच घडामोड. पॅरिसच्या खोलीत सतत उजेड होता म्हणून ही जुळणी झाली नाही. आणि चाचणी एकाच दिवसाची होती म्हणून तालाचा स्वतःचा थोडा कमी-जास्तपणाही जाणवला नाही. स्थिर परिस्थितीत मधमाशीचा ताल अगदी २४ तासांचा नसतो: अंधारात थोडा आखूड पडतो, सतत उजेडात थोडा लांबतो. बंद खोलीत आठवडाभर थांबून चाचणी घेतली तर हा फरक साठत जातो आणि ‘माश्या वेळ विसरल्या’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

महाराष्ट्रात घड्याळ एक असलं तरी मुंबई ते गडचिरोलीचा पूर्व भाग एवढ्यात रेखांशाचे सुमारे ८ अंश जातात, म्हणजे सूर्यवेळेत अर्ध्या तासाहून जरासं जास्त. फुलोऱ्यामागे पेट्या हलवताना एवढा फरक माश्या सहज पचवतात. नव्या जागी दोन-तीन दिवस उत्पन्न कमी मिळतं त्यामागे नवी खूणचिन्हं शिकणं आणि नव्या फुलांच्या वेळा शिकणं, ही कारणं जास्त मोठी.

भूल देऊन केलेली तपासणी

ताल की घटिकापात्र, याचा आणखी एक निवाडा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधक-गटाने २०१२ मध्ये दिला. माश्यांना आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू दिवसा ६ तास दिला. घटिकापात्र थांबलं असतं तर बरोबर ६ तासांचा उशीर दिसायला हवा होता, आणि भूल दिवसा दिली की रात्री, याने फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात माश्यांची वेळ सरासरी ३.३ तास मागे पडली, तर रात्री भूल दिली तेव्हा असा परिणाम झाला नाही. धक्का दिवसाच्या कोणत्या प्रहरी बसतो त्यावर परिणाम ठरणं, हा तालाचाच स्वभाव. माश्यांची दिशाही चुकली: मधमाशी सूर्यावरून दिशा धरते आणि सूर्याचं सरकणं याच तालाने वजा करते. ताल तीन तास मागे म्हणजे उड्डाणाचा कोनही त्या प्रमाणात चुकलेला. थंडीत ठेवलेल्या माश्या बशीवर उशिरा येतात हे १९३० च्या दशकातच दिसलं होतं. तेही यात बसतं.

आणि खूण नुसत्या वेळेची नसते. २००७ मध्ये पाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकच माशी सकाळी एका ठिकाणी एक आकृती आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी दुसरी आकृती निवडायला शिकते. तालावरच्या खुणेला ‘काय’ आणि ‘कुठे’ जोडलेलं असतं. एक जुनं निरीक्षणही इथे आठवावं: इल्झे कोर्नर यांनी १९४० मध्ये पाहिलं की शिकवलेल्या माश्या एरवी पोळ्यात आत पसरून असतात, पण त्यांची वेळ जवळ आली की दाराजवळच्या नाचाच्या जागी, जिथे माश्या नाचून इतरांना खाण्याचा पत्ता सांगतात, येऊन थांबतात.

हाच निवाडा मैदानात घ्यायचा तर

विमान लागत नाही. महाविद्यालयाच्या आवारात एका मेलिफेरा (पाळीव युरोपीय मधमाशीच्या) पेटीवर ४८ तासांचा प्रयोग करता येतो, आणि विमानप्रवासाला जे सांगता आलं नाही ते तो सांगतो.

आधी हंगाम. आसपास सूर्यफूल किंवा मोहरी जोरात फुललेली असेल तर माश्या बशीकडे पाहत नाहीत. उलट कडक दुष्काळाच्या दिवसांत साखरेवर लुटारू माश्या तुटून पडतात आणि पेट्यांत मारामाऱ्या सुरू होतात. बाहेर मकरंद थोडा पण अगदी शून्य नाही, पाऊस नाही, असे दोन आठवडे शोधावे.

साखरपाणी १ मोलचं: ३४२ ग्रॅम साखर भांड्यात घेऊन पाणी १ लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. १ लिटर पाण्यात ३४२ ग्रॅम टाकणं वेगळं, ते पातळ होतं. माश्या येईनात तर सुरुवातीला २ मोल, म्हणजे ६८४ ग्रॅम, द्यावं आणि स्थिरावल्यावर कमी करावं. घट्ट पाकाने पोळ्यातला नाच वाढतो आणि नको तेवढ्या नव्या माश्या येतात. आपल्या उन्हात पाक काही तासांत आंबतो, रोज ताजा करायचा. बशीखाली पाण्याचं ताट ठेवलं नाही तर मुंग्या तासाभरात ताबा घेतात.

पहिल्या दिवशी बशी पेटीच्या दाराशी, मग एक मीटर, पाच मीटर असं करत ५० ते १०० मीटरवर न्यायची. पीत असताना माशी स्थिर असते. त्याच वेळी पाठीवर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचा बारीक ठिपका द्यायचा. पंख आणि मिशा टाळायच्या. २५–३० माश्यांवर खुणा कराव्यात. बाहेर फिरणाऱ्या माशीचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचंच असतं, शेवटपर्यंत निम्म्या उरल्या तरी पुष्कळ. बिनखुणेच्या माश्या येतील त्या जाळीच्या डब्यात धरून संध्याकाळी सोडाव्यात, नाहीतर गर्दीच गर्दीला बोलावते.

नंतर विषम तारखांना दुपारी ३ ते ५ खाणं, सम तारखांना तीच मांडणी पण कोरडी. कोरड्या दिवसाची बशी नवी किंवा गरम पाण्याने धुतलेली हवी. साखरेचा वाळलेला थेंब किंवा मागच्या माश्यांचा वास राहिला तर भेटी दिवसभर विखुरतात. माणसाने सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दोन्ही प्रकारच्या दिवशी बशीशेजारी बसायलाच हवं. फक्त तीनला आलात तर माश्यांसाठी तुम्हीच घड्याळ. अशा प्रयोगांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

नोंद दर १५ मिनिटांच्या खान्यात, माशीच्या क्रमांकासह. मोजायची ती प्रत्येक माशीची त्या दिवसाची पहिली भेट. एकूण भेटी नव्हेत. एखादी हट्टी माशी तासात वीस चकरा मारते आणि तिच्या एकटीमुळे आलेख फुगतो. बऱ्याच माश्या तीनच्या आधी, दोन-सव्वादोनपासून येऊ लागतील. ही चूक धरू नये: लवकर आलेल्या माशीची एक चक्कर वाया जाते, उशिरा आलेलीचा मकरंद दुसरे नेतात, म्हणून वेळेआधी येणं माश्यांत सर्वत्र दिसतं आणि दिवस कलल्यावरच्या वेळांना ते जास्त असतं. ढीग मोजायची चौकट त्यामुळे २ ते ५ धरावी.

सहा फेऱ्यांनंतर, म्हणजे बारा दिवसांनी, शेवटच्या दोन-तीन सम तारखा काढून पाहायच्या आणि २ ते ५ मधल्या पहिल्या भेटींची तुलना सकाळी ९ ते १२ मधल्या पहिल्या भेटींशी करायची. सम तारखांना दुपारी ढीग पडला आणि पुढच्या विषम तारखेलाही पडला, तर बेलिंगचा निकाल तुमच्या आवारात पुन्हा मिळाला. सम तारखांचे आकडे विषमपेक्षा थोडे कमी येणं अपेक्षित आहे, कारण काही माश्या एका रिकाम्या दिवसानंतर येणं सोडतात आणि काही कित्येक दिवस चिकाटीने येत राहतात. म्हणून सरासरी काढण्याआधी माशीनिहाय तक्ता पाहावा. सम तारखांना दुपारी आणि सकाळी सारख्याच तुरळक भेटी दिसल्या, तर आधी शिकवणीच पक्की झाली नसावी असा संशय धरावा: सलग चार दिवस रोज ३ ते ५ खाणं देऊन, पाचव्या दिवशी कोरडी बशी ठेवून ढीग पडतो का ते तपासायचं, आणि तो पडला तरच एक-आड-एक दिवसाचा क्रम पुन्हा लावायचा.